कपाशीचे पंचांग आणि बोंडअळीचे पंचांग

(कापूस उत्पादक शेतकरी, वेचणीच्या कामातील भगिनी आणि माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षक यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)

घरात मंगलकार्य निघाले की आपण पंचांग उघडतो. मृग लागला की तिफणीकडे आपले लक्ष जाते. कोणते काम कोणत्या वेळी करावे, याचा विचार आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आणि वेळ चुकली तर श्रम वाया जातात, ही गोष्ट आपल्या अंगी मुरली. निसर्गातील प्रत्येक सजीवालाही असेच स्वतःचे एक पंचांग असते. जन्म, वाढ, प्रजनन आणि मृत्यू हे त्याचे ठळक मुहूर्त होत. माणूस असो, आंब्याचे झाड असो किंवा शेतातील लहानसा किडा असो, या क्रमातून कोणाचीही सुटका नाही. मात्र प्रत्येकाचा वेग निराळा आणि प्रत्येकाची रीत निराळी.

आज मी आपणांपुढे अशी दोन पंचांगे मांडणार आहे. एक आहे आपल्या कपाशीचे आणि दुसरे आहे तिच्या गुलाबी बोंडअळीचे. पहिले पंचांग आपणांस तोंडपाठ आहे. दुसरे मात्र आपण पुरतेपणी वाचलेले नाही आणि त्याची किंमत आपल्या कापूसपट्ट्याने मोजली आहे.

रूप पालटणारे जीव

शाळेतील मुलांना बेडकाचे आणि फुलपाखराचे जीवनचक्र शिकवले जाते. ते केवळ परीक्षेपुरते नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कोंबडीचे पिलू कोंबडीसारखेच दिसते. नाकतोड्याचे पिलूही, पंख वगळले, तर आईबापांचीच लहान प्रतिमा असते. परंतु पतंग, फुलपाखरे, भुंगेरे, माश्या, डास यांची तऱ्हा वेगळी आहे. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ कीटक अशा चार सर्वस्वी भिन्न रूपांतून त्यांना जावे लागते. यास संपूर्ण रूपांतरण असे म्हणतात.

या व्यवस्थेत निसर्गाने कामाची मोठी चोख वाटणी केली आहे. अळीने खावे आणि वाढावे, पतंगाने जोडीदार शोधावा व वंश चालवावा. अळीला पंख नाहीत, म्हणून ती दूर जाऊ शकत नाही. पतंगाला चावणारे तोंड नाही, म्हणून तो पिकाचे पान कुरतडू शकत नाही. नुकसान करणारी अवस्था एक आणि नुकसान पसरवणारी अवस्था दुसरी, असा हा प्रकार आहे. आपण शेतात अळी पाहतो आणि तिच्यावर चिडतो. पण ती अळी म्हणजे एका लांब साखळीतील केवळ एक कडी होय. साखळी तोडावयाची असेल, तर तिची सर्वांत कच्ची कडी कोणती, हे आधी शोधले पाहिजे.

कपाशीचे दिवस

आता कपाशीचे पंचांग पाहू. चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला, जमिनीत ओल मुरली, की आपण सरकी टोबतो. आठवडाभरात रोप वर येते. साधारण चाळीस ते पंचेचाळीस दिवसांनी पाते लागतात. पात्याचे फूल होण्यास आणखी तीन आठवडे लागतात. फूल उमलते तेव्हा फिकट पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते. त्यानंतर बोंड धरते, भरते, आणि सुमारे दीड महिन्याने पक्व होऊन फुटते. पाते, फूल आणि हिरवे बोंड हे तीन मुक्काम आपण ध्यानात ठेवावेत. कारण गुलाबी बोंडअळीचे सारे आयुष्य या तीन मुक्कामांवर अवलंबून आहे. ती पानांवर जगत नाही, खोडावर जगत नाही. पाते नसेल, तर तिच्या पिलांना अन्न नाही.

चार अवस्था, चार घरे

या किडीची पहिली शास्त्रीय नोंद सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली केली. त्यासाठीचे नमुने भडोचच्या कपाशीवरून गेले होते. तेव्हा ही कीड आपल्या शेजारची, जुनी ओळखीची आहे.

तिची पहिली अवस्था म्हणजे अंडे. मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या पाकळ्यांच्या आडोशाला अंडी घालते. अंडे मोत्यासारखे पांढुरके, चपटे आणि लांबीला जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. एक मादी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. तीन ते सहा दिवसांत ती उबतात.

दुसरी अवस्था अळीची. नुकतीच बाहेर आलेली अळी पांढरी, काळसर डोक्याची आणि केसासारखी बारीक असते. बंधूंनो, यापुढील एक-दोन तास फार महत्त्वाचे आहेत. एवढ्याच अवधीत ती पात्यात किंवा बोंडात शिरते. तिने केलेले सूक्ष्म छिद्र बोंडाच्या वाढीबरोबर बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार आणि निरोगी दिसते, आत मात्र पाहुणा मुक्कामाला असतो. फुलात शिरलेली अळी पाकळ्या धाग्यांनी आतून बांधून टाकते. फूल पूर्ण उमलत नाही आणि गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. यालाच आपण डोमकळी म्हणतो. बोंडातील अळी सरकी पोखरते, रुई डागाळते, आणि बोंड नीट न फुटता त्याची कवडी होते. दहा ते चौदा दिवसांत चार वेळा वाढून ती सुमारे एक सेंटिमीटरची होते. अंगावरचा गुलाबी रंग तिला या शेवटच्या टप्प्यातच येतो. म्हणजे आपण जिला गुलाबी बोंडअळी म्हणून ओळखतो, तिचे खाणे तोवर बहुतांशी उरकलेले असते.

तिसरी अवस्था कोषाची. पूर्ण वाढलेली अळी बोंडाला गोल छिद्र पाडून बाहेर येते, जमिनीवर पडते आणि पालापाचोळ्यात किंवा मातीच्या भेगांत कोषात जाते. सात ते दहा दिवसांनी त्यातून चौथी अवस्था, म्हणजे पतंग, बाहेर पडतो. हा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, पंखांवर काळसर पट्टे असलेला आणि बोटाच्या पेराहूनही लहान असतो. दिवसा तो लपून राहतो आणि रात्री हिंडतो. मादी एक विशिष्ट गंध सोडते आणि त्या गंधाच्या मागावर नर तिच्यापर्यंत येतो. या गंधातील रासायनिक द्रव्य १९७३ साली शास्त्रज्ञांनी ओळखले. कामगंध सापळा हे त्याच ज्ञानाचे फळ आहे.

एकाचे किती?

अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा हा फेरा अनुकूल हवामानात सुमारे महिनाभरात पूर्ण होतो. याचा अर्थ कपाशीच्या एका हंगामात किडीच्या चार-पाच पिढ्या होऊ शकतात. एक साधे गणित करू. समजा, एका मादीच्या शंभर अंड्यांपैकी नव्वद वाया गेली आणि दहाच पिले जगली. त्यांत पाच माद्या धरा. पहिल्या पिढीत पाच, दुसऱ्या पिढीत पंचवीस, तिसऱ्या पिढीत १२५, चौथ्या पिढीत ६२५ आणि पाचव्या पिढीत ३,१२५ माद्या होतात. हे गणित उदाहरणादाखल आहे, शेतात प्रत्यक्ष आकडा कमीअधिक होईल. परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑगस्टमध्ये एक मादी मारणे आणि डिसेंबरमध्ये एक मादी मारणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिल्या वेळी आपण एक अख्खा वंश थांबवतो, दुसऱ्या वेळी केवळ एक कीटक.

झोपलेली अळी

या पंचांगात आणखी एक पान आहे आणि तेच सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे. दिवस लहान होऊ लागले, थंडी पडू लागली, की पूर्ण वाढलेल्या अळ्यांपैकी पुष्कळशा कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, न फुटलेल्या बोंडात, शेताच्या कडेला रचलेल्या पऱ्हाटीत किंवा मातीत ती अळी स्वस्थ पडून राहते. ती खात नाही, वाढत नाही. कित्येक महिने ती अशी राहू शकते. पुढल्या वर्षी उष्मा आणि ओलावा यांची चाहूल लागली, की कोष करून तिचा पतंग होतो.

ही झोपलेली अळीच जगभर हिंडली. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील सरकीबरोबर ती इजिप्तला पोहोचली, तेथून मेक्सिकोत गेली आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात आढळली. पतंगाच्या इवल्याशा पंखांना जे जमले नसते, ते सरकीच्या पोत्यांनी साधले. आज आपल्या गावातही तेच घडते. हंगाम संपल्यानंतर महिनोन्‌महिने अंगणात राहिलेला कापूस, जिनिंगच्या आवारातील सरकी आणि जळणासाठी राखलेली पऱ्हाटी ही पुढल्या वर्षीच्या किडीची रोपवाटिका होय.

याच्या जोडीला फरदडीचा मोह आहे. पाण्याची सोय असली, की आणखी चार मण कापूस मिळेल म्हणून पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे ठेवले जाते. त्या चार मणांसाठी किडीला आपण आणखी दोन पिढ्यांचे अन्न पुरवतो. उपासमारीचा जो काळ निसर्गाने तिच्या वाट्याला दिला होता, तो आपणच आपल्या खर्चाने भरून काढतो.

विसंबून राहिलो

बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील जनुकामुळे झाडातच अळीला घातक प्रथिन तयार होऊ लागले आणि बोंडअळीवरील फवारण्या खूपच कमी झाल्या. २००६ साली दोन प्रथिने असलेले वाण आले. आता बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला, असे सर्वांनाच वाटू लागले. परंतु प्रजननाचा नियम मिटत नसतो. हजारो अळ्यांत एखादी जन्मतःच विष पचवणारी निघते. बाकीच्या मेल्या, की तिचाच वंश वाढतो. संकरित कपाशीच्या बोंडात काही सरक्यांत दोन्ही प्रथिने असतात, काहींत एकच असते आणि थोड्यांत एकही नसते. त्यामुळे अशा अळ्यांना पाऊल टाकण्यास जागा मिळाली. वास्तविक बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचे एक छोटे पाकीट दिले जात असे. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संकर व्हावा आणि प्रतिकाराचा गुण विरळ व्हावा, हा त्यामागील हेतू होता. ते पाकीट पुष्कळ ठिकाणी पेरलेच गेले नाही.

२०१० साली गुजरातमध्ये पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचे जाहीर झाले. पुढे दुसऱ्या प्रथिनाचाही धाक तिला उरला नाही. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात हिरव्यागार दिसणाऱ्या पिकाची बोंडे आतून पोखरलेली निघाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या फवारण्या अनेक किडींसाठी होत्या, एकट्या बोंडअळीसाठी नव्हत्या, हे खरे. तरीही त्या वर्षाने दिलेला धडा विसरून चालणार नाही. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत वरून मारलेले औषध पोहोचत नाही. ते पोहोचते पंप पाठीवर घेतलेल्या माणसाच्या श्वासात आणि कातडीत. अवस्था न ओळखता केलेली फवारणी अळीला वाचवते आणि माणसाला मारते.

कोणत्या अवस्थेला कोणता उपाय?

आता प्रत्येक कडी कोठे तोडता येईल, ते पाहू.

सुप्त अळीचा बंदोबस्त उन्हाळ्याआधीच व्हावा. डिसेंबरअखेर पीक संपवावे, फरदड घेऊ नये. शेळ्या-मेंढ्या शेतात चारल्या, तर उरलीसुरली हिरवी बोंडे त्या खाऊन टाकतात. पऱ्हाटी शेताच्या बांधावर रचून न ठेवता तिचे बारीक तुकडे करून खतासाठी वापरावी. खोल नांगरट केल्याने मातीतील अळ्या आणि कोष उन्हात व पक्ष्यांच्या नजरेत येतात.

यातूनही जे पतंग मे-जूनमध्ये बाहेर पडतील, त्यांची उपासमार करावी. हा उपाय बिनखर्चाचा आहे. पतंगाचे आयुष्य थोड्याच दिवसांचे असते. तेवढ्या दिवसांत त्याला अंडी घालण्यास पाते मिळाले नाहीत, तर त्याचा वंश तेथेच थांबतो. मे महिन्यात लावलेली कपाशी नेमकी या पतंगांच्या स्वागताला पाते घेऊन उभी राहते. म्हणूनच १ जूनपूर्वी कपाशीची लागवड करू नये, असे कृषि विभाग सांगत आला आहे. या सांगण्यामागील कारण आता आपणांस कळले असेल. कमी कालावधीत तयार होणारे वाण निवडावेत, तेही याच कारणासाठी.

पुढे पतंगाच्या अवस्थेवर नजर ठेवावी. पीक पात्यावर येण्याच्या सुमारास हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत आणि त्यांतील गंधगोळी ठरलेल्या मुदतीत बदलावी. एका सापळ्यात सतत तीन रात्री दररोज ८ किंवा अधिक पतंग सापडले, तर धोक्याची घंटा वाजली असे समजावे.

अंड्यांच्या अवस्थेत आपले दोन मित्र कामी येतात. एक निंबोळी. ५ टक्के निंबोळी अर्काच्या फवारणीने मादीचे अंडी घालणे कमी होते. दुसरा मित्र ट्रायकोग्रामा हा सूक्ष्म गांधीलवर्गीय कीटक. तो बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालतो आणि अळी जन्मण्यापूर्वीच तिचा नाश करतो. त्याची कार्डे शेतात लावल्यानंतर मात्र लगेच रासायनिक फवारणी करू नये, नाहीतर आपणच आपल्या सैनिकावर वार केल्यासारखे होईल.

अळीच्या अवस्थेत हाताचे काम आहे. डोमकळ्या दिसताच तोडून आतील अळीसह नष्ट कराव्यात. पुढे दर आठवड्याला एकरी वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडे तोडून फोडून पाहावीत. त्यांतील दोन बोंडांत अळी आढळली, म्हणजेच १० टक्के प्रादुर्भाव झाला, तरच रासायनिक उपायाचा विचार करावा. औषध कोणते आणि किती, हे कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे ठरवावे, दुकानदाराच्या शब्दावर नव्हे. दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत. हातमोजे, तोंडावर कापड आणि पूर्ण अंगभर कपडे यांवाचून पंपाला हात लावू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

हे एकट्याचे काम नव्हे

आपण म्हणाल, मी सारे केले, पण शेजाऱ्याने फरदड ठेवली तर? शंका रास्त आहे. पतंग सातबारा पाहून उडत नाही. यास्तव हे काम गावाने मिळून करण्याचे आहे. अमेरिकेतील कापूस उत्पादकांनी आणि शासनाने एकत्र येऊन हेच केले. बीटी वाण, कामगंध, वेळेवर पीक काढणे आणि प्रयोगशाळेत निर्बीज केलेले पतंग मोठ्या प्रमाणावर सोडणे असे अनेक उपाय त्यांनी सबंध कापूस क्षेत्रात एकाच वेळी योजले. २०१८ साली त्या देशाने आपल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तिचे तेथे पहिले दर्शन झाल्याला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती. त्यांची शेते मोठी, आपली लहान. त्यांची साधने वेगळी, आपली वेगळी. परंतु किडीचे पंचांग तेथेही तेच आहे आणि येथेही तेच. अंडे तेथेही थोड्याच दिवसांत उबते आणि पाते नसेल, तर पतंग तेथेही निर्वंश होतो.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोला, परभणी आणि राहुरी येथील कृषि विद्यापीठे यांनी हे ज्ञान आपल्या भाषेत आपल्या दारापर्यंत आणले आहे. ते बांधापर्यंत नेण्याचे काम आपले.

येथे जमलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. जीवनचक्राचा धडा फळ्यावरील चित्राने संपवू नका. एक दिवस मुलांना कपाशीच्या शेतात न्या. औषध मारलेले शेत मात्र टाळा. त्यांना डोमकळी शोधू द्या, बोंड फोडून अळीचा रंग पाहू द्या, सापळ्यातील पतंग मोजून वहीत लिहू द्या. अशी वही गावातील प्रत्येक शाळेत झाली, तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला आकडा झळकेल आणि धोका सर्वांना एकाच दिवशी कळेल.

वेचणी करणाऱ्या भगिनींनाही सांगणे आहे. कवडी आणि डागाळलेला कापूस आपल्या हातांना सर्वांआधी लागतो. तो वेगळा ठेवा आणि शेताच्या कोणत्या भागात अधिक आढळला, हे मालकाला सांगा. पुढल्या हंगामाची पहिली सूचना आपल्याच ओटीतून मिळणार आहे.

बंधूंनो आणि भगिनींनो, शत्रूचे बळ त्याच्या संख्येत असते, तसे त्याचे दुबळेपण त्याच्या दिनक्रमात असते. गुलाबी बोंडअळीचा दिनक्रम लाखो वर्षे पालटलेला नाही. वर्षातून एकदा तिला झोपावे लागते, एकदा उपाशी जागे व्हावे लागते आणि प्रत्येक पिढीत काही तास उघड्यावर यावे लागते. त्या वेळा आपण साधल्या, तर थोड्या खर्चात, थोड्या विषात आणि कोणाचाही जीव धोक्यात न घालता आपला कापूस पांढराशुभ्र घरी येईल. येत्या हंगामात सरकी टोबण्यापूर्वी आपल्या घरच्या पंचांगाशेजारी हेही पंचांग भिंतीवर लावा, एवढेच मागणे मागतो आणि आपली रजा घेतो.